एका कंटेनरमागे पाव ग्रॅम

स्वयंपाकघरात जा आणि बासमतीची पिशवी हातात घ्या. पुढचा राजवाडा, हत्ती किंवा फेटेवाला बाजूला ठेवा आणि मागचा बारीक मजकूर वाचा. तुम्ही युरोपात राहत असाल, तर 'मूळ देश' या शब्दांपुढे पाकिस्तान असण्याची शक्यता दहा-बारा वर्षांपूर्वीपेक्षा आज बरीच जास्त आहे. अमेरिकेत किंवा आखातात असाल, तर तिथे बहुधा भारतच असेल.

ओळखीतल्या एका काकूंना मी हे दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "स्वस्त मिळत असेल त्यांना." तसं नाही. चवीचंही कारण नाही, आणि या वेळी दोन देशांतल्या भांडणाचंही नाही. कारण आहे एक आकडा: ०.०१. किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. हा आकडा कुठून आला, तो कशाची सीमा दाखवतो आणि कशाची दाखवत नाही, हे आज तुमच्यासोबत बघायचं आहे. बासमती महाराष्ट्रात पिकत नाही. २०१६ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात पंजाब, हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेश असा हिमालयाच्या पायथ्याचा पट्टा आहे. पण द्राक्षं आपल्याकडे पिकतात, आणि अशाच एका आकड्याने नाशिकलाही एकदा पोळलं आहे. त्याकडे येऊच.

सुरुवात बुरशीपासून करू, कारण खरी नायिका तीच आहे.

भातावरचा करपा कोकणातल्या आणि मावळातल्या लोकांना सांगायला नको. पानावर होडीच्या आकाराचे, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी ठिपके पडतात. हवा दमट, रात्री थंड आणि पानावर दव असेल तर दोन-तीन आठवड्यांत शिवार जळाल्यासारखं दिसतं. पानावरचा करपा एकवेळ परवडतो. भात निसवल्यावर लोंबीच्या मानेवर आला, की दाणा भरतच नाही. लोंबी पांढरी पडून मान टाकते. हातातोंडाशी आलेला घास जातो.

ही बुरशी पानात शिरते कशी? भाताचं पान हात कापेल इतकं कडक असतं, त्यावर मेणाचा थर असतो आणि पेशींच्या भिंतीत सिलिका असते. बुरशीचा बीजाणू दवाच्या थेंबात रुजतो, छोटी नळी काढतो आणि तिच्या टोकाला एक घुमट बांधतो. आपल्या केसांना काळा रंग देणाऱ्या मेलॅनिनच्याच कुळातल्या रंगद्रव्याचा थर या घुमटाला आतून बसतो. मग घुमटात ग्लिसरॉल साठू लागतं. मेलॅनिनचा थर पाण्याला आत येऊ देतो, पण ग्लिसरॉलला बाहेर जाऊ देत नाही. पाणी आत खेचलं जातं आणि दाब वाढत जातो. किती? हवेच्या दाबाच्या ऐंशी पटींपर्यंत. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन पट असतो. एवढ्या दाबाने घुमटाच्या तळातून एक सूक्ष्म खुंटी पानात ठोकली जाते. उघड्या डोळ्यांना न दिसणारा हा जीव पानाला अक्षरशः भोक पाडतो.

आता औषध. ट्रायसायक्लाझोल हे १९७० च्या दशकातलं बुरशीनाशक. नाव बुरशीनाशक असलं, तरी ते बुरशी मारत नाही. मेलॅनिन तयार करण्याच्या साखळीतलं एक विकर ते बंद पाडतं. घुमट बांधला जातो, पण त्याला अस्तर बसत नाही. ग्लिसरॉल गळतं, दाब चढत नाही आणि खुंटी आत जात नाही. बीजाणू पानावर जिवंत बसून राहतो आणि दव सुकलं की वाळतो. कुलूप फोडणाऱ्याच्या हातातली पहार काढून घ्यावी, तसं. मला हे औषध फार हुशार वाटतं, आणि त्यामुळे पुढची गोष्ट सांगताना मी थोडा त्याच्या बाजूने झुकलो असेन, हे लक्षात ठेवा.

या युक्तीत एक मेख आहे. बुरशी आत शिरल्यावर या औषधाचा फारसा उपयोग नाही; ते आधी मारावं लागतं. मानेवरचा करपा टाळायचा तर पीक पोटरीत असताना किंवा निसवताना फवारणी हवी. म्हणजे कापणीच्या बरीच जवळ. औषध टिकाऊ आहे, त्यामुळे दाण्यावर त्याचा अंश उरणार. प्रश्न फक्त किती, एवढाच.

आता तो आकडा. किलोला ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. शंभर टन तांदळात एक ग्रॅम. जहाजावर चढणाऱ्या एका कंटेनरमध्ये पंचवीस टनांच्या आसपास तांदूळ बसतो असं धरलं, तर अख्ख्या कंटेनरमध्ये पाव ग्रॅम. चिमूटभर मीठही त्याहून जास्त भरतं. २०१७ पर्यंत युरोपीय संघात तांदळासाठी ही मर्यादा किलोला १ मिलिग्रॅम होती, म्हणजे कंटेनरमागे पंचवीस ग्रॅम. जून २०१७ मध्ये नवा नियम आला आणि मर्यादा शंभरपट खाली गेली. बासमतीला काही महिन्यांची सवलत मिळाली, ती ३० डिसेंबर २०१७ ला संपली.

इथे आपल्यापैकी बहुतेकांचा एक गैरसमज असतो, माझाही होता. आपल्याला वाटतं, की मर्यादेच्या खाली सुरक्षित आणि वर विषारी. कमाल अवशेष मर्यादा, जिला शेतकरीसुद्धा आता 'एमआरएल' म्हणतात, ती तशी ठरतच नाही. विषारीपणाचं गणित वेगळं असतं. प्राण्यांवरच्या चाचण्यांत ज्या मात्रेला काहीच अपाय दिसत नाही ती घ्यायची, तिला साधारण शंभराने भागायचं आणि माणसाने रोज आयुष्यभर खाल्लं तरी चालेल असा आकडा काढायचा. अवशेष मर्यादा मात्र शेतातून येते. लेबलवर लिहिल्याप्रमाणे फवारणी केली तर पिकात जास्तीत जास्त किती अंश उरतो, हे शेतांवर प्रयोग करून मोजतात आणि मर्यादा त्याच्या आसपास ठेवतात. मग लोक ते पीक जितकं खातात त्याचा हिशोब करून, एकूण मात्रा त्या आजन्म आकड्याच्या खाली राहते ना, हे पडताळतात. थोडक्यात, एमआरएल मुख्यतः 'शेतकऱ्याने औषध नीट वापरलं का' हे विचारते.

मग एखाद्या औषधाला तुमच्या प्रदेशात परवानगीच नसेल तर? नीट वापरण्याचा प्रश्नच येत नाही. अशा वेळी युरोपचा २००५ चा कायदा सरसकट ०.०१ लावतो. हा आकडा कुठल्या उंदरावरच्या चाचणीतून आलेला नाही. प्रयोगशाळा नेहमीच्या कामात खात्रीने मोजू शकते त्याच्या जवळपासची ती रेघ आहे. 'शून्य' असं कायद्यात लिहिता येत नाही, कारण शून्य मोजता येत नाही; म्हणून ०.०१.

पण युरोपने ही परवानगी उगाच नाकारली असंही नाही. २००८ मध्ये ट्रायसायक्लाझोल मंजूर यादीतून बाहेर राहिलं. पुन्हा अर्ज झाला, आणि २०१६ मध्ये पुन्हा नकार मिळाला. पेशीतल्या जनुकीय द्रव्याला यामुळे इजा होते का, याचं समाधानकारक उत्तर मिळेल इतकी माहिती समोर नव्हती, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. 'धोका सिद्ध झाला' आणि 'धोका नाही हे सिद्ध झालं नाही' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. युरोप दुसऱ्या वाक्यावरही थांबतो. ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या ताटातलं अन्न कोणी तरी असं अडवून बघतंय, याचं मला बरंच वाटतं. जागतिक व्यापार संघटनेचा १९९५ पासूनचा करारही प्रत्येक देशाला आपली सुरक्षिततेची पातळी ठरवू देतो, फक्त तिला शास्त्रीय आधार हवा, अशी अट आहे. आणि वाद होतो तो नेमका 'आधार' कशाला म्हणायचं यावर.

इतका कमी अंश मोजतात कसा, हेही थोडं पाहू, कारण ती रीत मजेशीर आहे. तिचं नाव 'कॅचर्स'. २००३ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी उचलली. तांदूळ दळायचा, पाणी आणि ॲसिटोनायट्राइल घालून घुसळायचा, मग मीठ आणि मॅग्नेशियम सल्फेट टाकायचं. मॅग्नेशियम सल्फेट पाणी शोषतं, मीठ दोन द्रव वेगळे करतं आणि औषधाचा अंश वरच्या थरात येतो. तो थर स्वच्छ करून यंत्रात सोडला, की यंत्र रेणूंना वजनावरून निवडतं, फोडतं आणि तुकड्यांच्या वजनावरून ओळख पटवतं. घुसळण्यापर्यंतचं काम ताक करण्याइतकं सोपं आहे. पुढचं यंत्र मात्र मोटारीपेक्षा कितीतरी महाग.

हरियाणातल्या मंडीत हे यंत्र नसतं. तिथे असते धानाची रास. दहा शेतकऱ्यांचं धान अडत्याकडे एकत्र होतं. समजा नऊ जणांनी हे औषध वापरलंच नाही आणि दहाव्याने उशिरा मारलं. त्याच्या तांदळात किलोला ०.१ मिलिग्रॅम उरलं. सगळं समप्रमाणात मिसळलं तर सरासरी बरोबर ०.०१. त्याने दोन थेंब जास्त मारले, की दहाही जणांचा माल रेघेच्या वर. कंटेनर युरोपच्या बंदरात अडकल्यावर कळतं. तो परत पाठवायचा किंवा नष्ट करायचा, खर्च निर्यातदाराचा. पुढच्या हंगामात तो हुशार होतो, आणि चाचणीत उतरेल तोच माल घेतो. ज्याने काहीच फवारलं नव्हतं त्याच्याकडे ते सिद्ध करायला कागद नसतो.

याहून मोठी गंमत, गंमतच म्हणायची, पुढे आहे. २००४ मध्ये युरोपीय संघाने भारत आणि पाकिस्तान या दोघांशी करार करून बासमतीच्या मोजक्या वाणांवरचं आयात शुल्क शून्य केलं, तेही फक्त न सडलेल्या, म्हणजे कोंडा शिल्लक असलेल्या तांदळावर. सडून पांढरा करायचं काम युरोपातल्या गिरण्यांना मिळावं, हा हिशोब. यादीत तारावडी, देहरादूनी, ३७० अशी जुनी नावं आहेत आणि १९८९ चं 'पुसा बासमती' आहे. लांबलचक दाण्याचं, आज सगळीकडे दिसणारं ११२१ हे २००३ चं वाण त्यात नाही. म्हणून युरोपसाठी पुसा बासमती पिकत राहिलं. आणि हेच वाण करप्याला फार लवकर बळी पडतं! ज्या वाणाला औषधाची गरज जास्त, शुल्कमाफी त्यालाच. आणि औषधावर बंदीही त्याच बाजारात. एका खात्याने दार उघडलं, दुसऱ्याने उंबरा चढवला, आणि दोन्ही खाती एकाच इमारतीत.

पाकिस्तानात हे औषध कमी वापरलं जायचं, आणि त्यांचं सुपर बासमती शुल्कमाफीच्या यादीत होतंच. २०१८ पासून युरोपात त्यांचा माल वाढत गेला आणि भारताच्या पुढे गेला. त्यांचं सगळं आलबेल आहे असं नाही. त्यांच्या तांदळाला अफ्लाटॉक्सिनच्या, म्हणजे साठवणीत धरणाऱ्या बुरशीच्या विषाच्या नोटिसा बऱ्याच येतात. भारताची बासमती निर्यात २०१६-१७ मध्ये सुमारे ४० लाख टन होती आणि त्यात युरोपचा वाटा साधारण दहाव्या भागाच्या आसपास. इराण, सौदी, इराक हे मोठे गिऱ्हाईक. त्यामुळे देश बुडाला नाही. पण ज्या गावांनी युरोपसाठी म्हणून पुसा बासमती लावलं होतं, त्यांना 'देशाची एकूण निर्यात वाढली' या बातमीचा काय उपयोग?

आता नाशिक. २०१० च्या हंगामात भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. कारण क्लोरमेक्वाट क्लोराइड, शेतकऱ्यांच्या भाषेत 'सीसीसी'. वेलीची वाढ आवरून घडांसाठी जोर राखायला ते सर्रास वापरलं जायचं. इथे पाठवण्याआधी द्राक्षं तपासली जात होती, पण तपासायच्या रसायनांच्या यादीत हे नावच नव्हतं. तिकडच्या प्रयोगशाळेने शोधलं आणि सापडलं. ज्यांनी कर्ज काढून बागा उभ्या केल्या होत्या, त्यांना तो हंगाम अजून आठवतो. त्यानंतर यादी लांबली, प्रत्येक बागेची नोंद आणि माग काढण्याची पद्धत कडक झाली. आज निफाडचा किंवा दिंडोरीचा बागायतदार कापणीपूर्व दिवस तोंडपाठ सांगतो.

पण या गोष्टीची शेपटी तुम्हाला बहुधा माहीत नसेल. तेच क्लोरमेक्वाट युरोपातले शेतकरी गव्हावर मारतात, कायदेशीरपणे. गव्हाची काडी आखूड आणि जाड होते, वाऱ्याने पीक लोळत नाही. त्यामुळे गव्हात त्याची मर्यादा कितीतरी पट सैल आहे. द्राक्षावर युरोपात वापरच नाही, म्हणून द्राक्षाची मर्यादा जवळजवळ मोजमापाच्या रेघेवर. एकच रेणू, एकच पोट. पावातून आला तर चालतो, द्राक्षातून आला तर जहाज परत. एमआरएल विषारीपणा मोजत नाही, हे मी वर म्हटलं, त्याचा याहून सरळ दाखला मला सापडलेला नाही.

तांदळाकडे परत. ०.०१ ची रेघ हलवायचा एक मार्ग कायद्यातच आहे: बाहेरच्या देशात होणारा वापर दाखवून, नव्या चाचण्यांची माहिती देऊन आयातीसाठी वेगळी मर्यादा मागायची. ट्रायसायक्लाझोलसाठी तशी मागणी झाली. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नवी माहिती तपासली आणि २०२३ मध्ये मत दिलं, की तांदळात किलोला ०.०९ मिलिग्रॅमपर्यंत अंश असला तरी खाणाऱ्याला धोका संभवत नाही. युरोपीय आयोगाने तसा मसुदा केला. आणि जानेवारी २०२४ मध्ये युरोपीय संसदेने त्याला हरकत घेतली. रेघ होती तिथेच राहिली.

ही बातमी वाचून मला पहिल्यांदा राग आला. शास्त्रज्ञांनी तपासून सांगितलं, मग राजकारण्यांनी मध्ये का पडावं? पण नकाशावर इटली बघा. मिलानच्या पश्चिमेला, पो नदीच्या खोऱ्यात, व्हेरचेल्ली आणि पाव्हियाच्या परिसरात मैलोन् मैल भाताची खाचरं आहेत. युरोपात सर्वांत जास्त तांदूळ इटलीत होतो. रिसोत्तोसाठी नावाजलेलं कार्नारोली हे वाण आपल्या पुसा बासमतीसारखंच करप्याला नाजूक. तिथे करप्याला 'ब्रुसोने' म्हणतात. तीच बुरशी, तोच घुमट, तोच ऐंशी पट दाब. तिथल्या शेतकऱ्याला हे औषध मारायला बंदी आहे. तो विचारतो, की मला जे मारू देत नाही, ते मारलेला तांदूळ बाहेरून कसा येऊ देता? या प्रश्नाला विषशास्त्रात उत्तर नाही, कारण हा प्रश्न विषाचा नाहीच, समान न्यायाचा आहे. माझं मत विचाराल तर, हा प्रश्न रास्त आहे. पण तो आरोग्याच्या आकड्याचा अंगरखा घालून येतो, तेव्हा कर्नालच्या शेतकऱ्याला उगीचच 'विष पिकवणारा' ठरवतो. शुल्काचं भांडण शुल्काच्या टेबलावर व्हावं.

एव्हाना तुमच्या मनात आलंच असेल: मग घरातला तांदूळ खायचा की नाही? खा. ०.०१ असो, ०.०९ असो, वाटीभर भातातून पोटात जाणारा हा अंश फारच थोडा आहे. तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुवा, भिजवा, आई-आजी करत होत्या तसंच. युरोपात विकला जाणारा तांदूळ तर या रेघेखालचाच असायला हवा. औषधाच्या अंशाची खरी झळ बसते ती फवारणाऱ्याला, पाठीवर पंप आणि तोंडाला नुसता रुमाल बांधून शेतात उभं राहणाऱ्याला. त्याची मात्रा कुठल्याही बंदरात मोजली जात नाही.

पंजाब सरकार गेली काही वर्षं कापणीआधीच्या दोन महिन्यांत बासमतीपट्ट्यात ठरावीक औषधांच्या विक्रीवर बंदी घालतं. यादीत ट्रायसायक्लाझोल असतं. दुकानदार किती पाळतात, ही वेगळी कथा. मला जास्त भरवसा वाटतो तो दिल्लीच्या पुसा संस्थेने २०२१ मध्ये आणलेल्या तीन वाणांवर: पुसा बासमती १८४७, १८८५ आणि १८८६. लोकप्रिय वाणांमध्ये करप्याला अटकाव करणारी दोन जनुकं आणि जिवाणूजन्य करप्याविरुद्धची दोन जनुकं संकर करून आणली आहेत. जनुकीय बदल करून नव्हे, जुन्याच पद्धतीने; फक्त प्रत्येक पिढीत हवी ती जनुकं आली का, हे रोपाचा डीएनए तपासून पाहिलं. दाणा तोच, सुगंध तोच, औषध जवळजवळ नको.

जनुकं दोन घेतली, कारण एकाला ही बुरशी चकवते. एकाच जनुकावर विसंबलेली भाताची वाणं काही हंगामांत पडलेली आहेत. बुरशी स्वतःची खूण बदलते आणि रोपाला ती ओळखू येत नाही. दोन पहारेकऱ्यांना एकाच वेळी फसवणं अवघड. अवघड, अशक्य नव्हे; त्यामुळे संस्थेत पुढच्या जनुकांवर काम चालूच असतं. आणि हो, शुल्कमाफीची ती यादी २००४ ची आहे. त्यात या तिघांची नावं नव्हती, असणारही कशी. तेव्हा ती वाणं जन्मालाच आली नव्हती.